टॅक्सचा रिफंड आला: फेडायचा, ठेवायचा, गुंतवायचा की खर्चायचा?

जुलैत विवरणपत्र भरलेल्या नोकरदाराचा रिफंड बरेचदा पोळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत खात्यात पडतो. नेमके हेच दिवस खर्चाचे. पोळा, गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, दसरा एकामागोमाग येतात. नागपुरात इतवारीच्या सराफ्यापासून बर्डीच्या मेन रोडपर्यंत दुकानं सजलेली असतात आणि मोबाइलवर तीस-चाळीस हजार जमा झाल्याचा मेसेज येतो. दिवाळी संपल्यावर ते पैसे कुठे गेले हे मात्र घरात कुणालाच सांगता येत नाही.

रिफंड ही लॉटरी नाही. कंपनीनं किंवा बँकेनं वर्षभर तुमच्या पगारातून, व्याजातून गरजेपेक्षा जास्त कापलेले ते पैसे आहेत. ते एकरकमी आले म्हणून फुकटचे वाटतात, एवढंच.

रिबेट आणि रिफंड यांत नेहमी गल्लत होते. रिबेट म्हणजे करातली सूट, कलम ८७-ए ची. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या कररचनेत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ही सूट ६०,००० रुपयांपर्यंत मिळते आणि कर शून्यावर येतो. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट वेगळी, म्हणून त्याच्यासाठी तो आकडा पावणेतेरा लाख. शेअर विकून झालेल्या नफ्यासारख्या विशेष दरानं कर लागणाऱ्या उत्पन्नावर मात्र नव्या रचनेत ही सूट नाही. सूट खात्यात जमा होत नाही. कर शून्य झाला आणि टीडीएस आधीच कापला गेला असेल, तर तो रिफंड म्हणून परत येतो, तोही विवरणपत्र भरून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय केलं तरच.

हात लावण्याआधी: ही रक्कम पूर्ण तुमची आहे का?

रिफंडसोबत कलम १४३(१) ची सूचना ई-मेलवर येते. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे तुमचा पॅन स्मॉल अक्षरांत आणि लगेच पुढे जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशा आठ आकड्यांत. आत दोन रकाने शेजारीशेजारी असतात: तुम्ही भरलेले आकडे आणि विभागानं काढलेले आकडे. दोन्ही ओळीनं जुळवून बघा. रक्कम मागितल्यापेक्षा कमी आली असेल तर फरक कुठल्या ओळीत पडला ते इथेच कळतं. कधी कधी जुन्या एखाद्या वर्षाची थकबाकी त्यातून वळती केलेली असते. तशी वळती करण्यापूर्वी आयकर विभागाच्या पोर्टलवर नोटीस येते आणि उत्तराला २१ दिवस मिळतात. ती नोटीस न बघितल्यामुळे चुकीची थकबाकीसुद्धा मान्य धरली जाते. म्हणून रिफंडची वाट बघत असतानाच पोर्टलचा 'पेंडिंग ॲक्शन्स' हा भाग आठवड्यातून एकदा उघडत जा.

रक्कम मागितल्यापेक्षा थोडी जास्त आली असेल तर ते बहुधा व्याज असतं. उदाहरण घेऊ. रिफंड ३६,८०० रुपये, विवरणपत्र मुदतीत भरलेलं, पैसे सप्टेंबरमध्ये जमा. १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का, म्हणजे सहा महिन्यांचे ३ टक्के: १,१०४ रुपये. खात्यात ३७,९०४ जमा होतील. मूळ रिफंडवर कर नाही, पण हे १,१०४ रुपये पुढच्या वर्षी 'इतर स्रोतांतून उत्पन्न' म्हणून दाखवावे लागतात. बरेच जण ते विसरतात. विभागाच्या वार्षिक माहिती विवरणात ते दिसतातच, त्यामुळे मग पुढच्या वर्षीचे आकडे जुळत नाहीत. रिफंड एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर व्याज मिळत नाही.

पोर्टल 'रिफंड पाठवला' म्हणतं आणि खात्यात काहीच नाही, असं झालं तर बहुधा बँक खातं प्रमाणित झालेलं नसतं, पॅन आणि खात्यावरचं नाव जुळत नसतं, किंवा बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी कोड बदललेला असतो. खातं दुरुस्त करून 'सर्व्हिसेस' मेनूतून 'रिफंड रीइश्यू'ची विनंती टाकावी. "रिफंड मंजूर, लिंकवर खात्याची माहिती भरा" असा एसएमएस आला तर तो खोटा आहे. आयकर विभाग पिन, ओटीपी किंवा कार्डाचा नंबर मागत नाही. चुकून माहिती दिली गेलीच तर त्याच तासात १९३० वर फोन करा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. "एवढा रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे" असं सांगणाऱ्या एजंटनं न दिलेलं घरभाडं, न दिलेली देणगी किंवा नसलेलं शैक्षणिक कर्ज दाखवून रिफंड आणला असेल, तर तो पैसा तुमचा नाही. त्यातला एक रुपयाही खर्चू नका. सही तुमची आहे, एजंटची नाही. वसुली, व्याज आणि दंड तुमच्याच नावावर निघतो. सुधारित विवरणपत्राची मुदत शिल्लक असेल तर ते भरा. मुदत गेली असेल तर अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग आहे. त्यात पहिल्या वर्षी कर आणि व्याजावर २५ टक्के जादा भरावे लागतात आणि पुढे दरवर्षी हे प्रमाण वाढत जातं. स्वतःहून भरलेलं नेहमी स्वस्त पडतं.

पहिला प्रश्न गुंतवणुकीचा नाही, कर्जाचा

रिफंड आला की लोक विचारतात, कुठे टाकू? त्याआधी बघा, तुम्ही सध्या सगळ्यात महाग व्याज कशावर भरताय?

क्रेडिट कार्डाचं उदाहरण जवळून पाहू, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे गळतो. कार्डावर ४०,००० रुपये थकलेत आणि दर महिन्याला तुम्ही फक्त 'मिनिमम ड्यू' भरताय. महिना साडेतीन टक्के दरानं व्याज झालं १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. एका महिन्याचे १,६५२ रुपये. आता तेच ४०,००० रुपये साडेसहा टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर वर्षभराचं व्याज साधारण २,६००, आणि त्यावर पुन्हा कर. म्हणजे एफडीचं अख्ख्या वर्षाचं व्याज कार्ड जेमतेम दीड महिन्यात खाऊन टाकतं. कार्डावर थकबाकी ठेवून एफडी करणं म्हणजे छिद्र पडलेल्या माठात पाणी भरणं.

थकबाकी असताना नव्या खरेदीला व्याजमुक्त दिवस मिळत नाहीत, किराणा घेतला तरी त्या दिवसापासून मीटर सुरू. म्हणून अर्धवट फेडू नका. शक्य असेल तर 'टोटल ड्यू' शून्यावर आणा आणि पुढची दोन बिलं येईपर्यंत कार्ड कपाटात ठेवा. शून्य केल्यावरही पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज येतं. ते चूक नाही, भरून टाका.

कार्डानंतर हातउसनं आणि सावकारी कर्ज. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. महिन्याच्या भाषेत बोललं की ते लहान वाटतं. त्यानंतर गहाण ठेवलेले दागिने. सोनेतारणाचा दर बँकेत आणि खासगी कंपनीत बराच वेगळा असतो, म्हणून पावतीवरचा वार्षिक दर वाचून मगच ठरवा. पर्सनल लोनचा दर बहुधा स्थिर असतो आणि मुदतीआधी फेडताना दंड लागू शकतो. करारातलं 'फोरक्लोजर' आणि 'पार्ट पेमेंट' हे कलम बघा. दंड आणि त्यावरचा जीएसटी वजा जाऊनही व्याज वाचत असेल तरच भरा.

गृहकर्जाचं गणित वेगळं आहे. तरत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँक दंड लावू शकत नाही. समजा २५ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता २१,६९६. पहिलं वर्ष संपल्यावर ४०,००० रुपये मुद्दलात भरले आणि दर तोच राहिला तर शेवटचे साधारण नऊ हप्ते कमी होतात, म्हणजे भरलेले ४०,००० वजा जाऊनही दीड लाखांहून जास्त पैसे वाचतात. पण भरताना 'हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा' असं लेखी द्या. नाहीतर बँक हप्ता दोन-चारशेनं कमी करून देते आणि फायद्याचा बराच भाग हातातून जातो. हीच रक्कम कर्जाच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत भरली तर फरक नाममात्र पडतो. आणि घरात संकटासाठी दोन महिन्यांचेही पैसे बाजूला नसतील तर गृहकर्जात एक पैसा टाकू नका. तिथे गेलेला पैसा दवाखान्याच्या वेळी परत मागता येत नाही.

राखीव पैसा

महाग कर्ज नसेल किंवा फिटलं असेल, तर पुढचा नंबर राखीव निधीचा. घराचा महिन्याचा खर्च भाडं, किराणा, वीज, फी, पेट्रोल, हप्ते धरून मांडा. तो २८,००० निघाला तर सहा महिन्यांचे १,६८,००० होतात. आकडा मोठा वाटतो, पण रिफंडनं तो एका वर्षात पूर्ण व्हायची गरज नाही.

ठेवायची पद्धत महत्त्वाची. एका महिन्याचा खर्च बचत खात्यात, उरलेलं एफडीत. आणि ४०,००० ची एक एफडी करण्यापेक्षा १०,००० च्या चार करा. गरज पडली की लागेल तेवढीच मोडता येते. मुदतीआधी मोडल्यावर दरात अर्धा-एक टक्का कापतात, ते फक्त त्या एका पावतीवर. खातं नवरा-बायको दोघांच्या नावे 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या प्रकारचं असावं. नॉमिनी लिहिलाय का, हे पावतीवर डोळ्यांनी बघा. "फॉर्ममध्ये भरलं होतं" यावर राहू नका.

इथेच एक सावधगिरी. जास्त व्याजासाठी पतसंस्थेत ठेव ठेवायची आपल्याकडे सवय आहे. बँक, मग ती सहकारी का असेना, ठेव विमा महामंडळाच्या छत्राखाली येते: प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत संरक्षण, फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही. संचालक ओळखीचे आहेत, कार्यालय आपल्याच चौकात आहे, एजंट रोज घरी येऊन पैसे नेतो, यातलं काहीही विम्याची जागा घेऊ शकत नाही. राखीव निधीसाठी तर पतसंस्था नकोच. फळ्यावर 'बँक' लिहिलंय की 'पतसंस्था', एवढं वाचलं तरी पुरे. भिशीचंही तेच: चार माणसांत हौसेनं चालवायला ती छान आहे, पण संकटाच्या दिवशी तुमचा नंबर लागेलच असं नाही.

घराला आरोग्य विमा नसेल तर राखीव निधीच्या आधी तो घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विमा हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. कंपनीचा ग्रुप विमा आहे म्हणून थांबू नका, नोकरी सुटली की तो त्याच दिवशी संपतो. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा बघा. ती कमी असेल आणि रामदासपेठ-धंतोलीच्या एखाद्या मोठ्या दवाखान्यात त्याहून महाग खोली घेतली, तर खोलीचाच नव्हे, डॉक्टरांच्या फीचा आणि शस्त्रक्रियेचा दावाही त्याच प्रमाणात कापला जाऊ शकतो.

तारखेचे खर्च

राखीव निधी आणि ठरलेला खर्च यांची मिसळ करू नका. संकट कधी येईल सांगता येत नाही. शाळेची फी मात्र येणारच आहे.

एका कागदावर बारा महिने लिहा आणि प्रत्येकापुढे दरवर्षी येणारा मोठा खर्च मांडा. नागपूरच्या घरात हा कागद साधारण असा भरतो: विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा फी, पुस्तकं, गणवेश. भाद्रपदात महालक्ष्म्यांचं जेवण आणि पाहुणे. दसरा-दिवाळीला कपडे, रंगरंगोटी. हिवाळ्यात फीचा दुसरा हप्ता. मार्चमध्ये कूलरची दुरुस्ती, एप्रिल-मेचं फुगलेलं वीजबिल, लग्नसराईचे आहेर. गाडीचा विमा, घरपट्टी, भाड्याच्या घराचा करार. रिफंड हातात आल्यापासून पुढच्या बारा महिन्यांत यातला कुठला खर्च पगारातून निघणार नाही, त्याभोवती गोल करा. तेवढे पैसे आत्ताच वेगळे काढा.

हे पैसे शेअर बाजारात, म्युच्युअल फंडाच्या इक्विटी योजनेत किंवा सोन्यात घालायचे नाहीत. दोन-तीन महिन्यांवरचा खर्च असेल तर एफडीचा खटाटोपही नको, दुसऱ्या बचत खात्यात ठेवा. ज्याचं यूपीआय सुरू नाही असं खातं उत्तम, कारण मग ते चहा-पोह्याच्या खर्चात विरघळत नाहीत. सहा ते बारा महिन्यांसाठी एफडी, आणि तिची मुदत फीच्या तारखेच्या आठ दिवस आधी संपेल अशी. पावती आपोआप नूतनीकरणावर ठेवू नका, नाहीतर फी भरायच्या दिवशी ती पुन्हा एका वर्षासाठी गेलेली असते.

एकदा आलेल्या पैशावर कायमचं ओझं घेऊ नका

रिफंडच्या बाबतीत सगळ्यात जास्त पस्तावा याच चुकीचा होतो.

विमा एजंट ३०,००० चा वार्षिक हप्ता सांगतो, तुमच्याकडे रिफंडचे ३०,००० आहेत, सही होते. पण पॉलिसी पंधरा-वीस वर्षांची असते. पुढच्या वर्षी रिफंड येत नाही, हप्ता मात्र येतो. दोन वर्षांत बंद केली तर भरलेल्यातला मोठा भाग बुडतो. पैसे परत देणाऱ्या पारंपरिक पॉलिसीचा परतावा बहुतेकदा पाच-सहा टक्क्यांच्या आसपासच राहतो. 'टॅक्स वाचतो' हे कारण तर आता अनेकांना लागूच नाही, कारण २०२३-२४ पासून नवी कररचना आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०-सी ची वजावट नाही. तुम्ही कुठल्या रचनेत आहात, हे विवरणपत्राच्या प्रतीवर लिहिलेलं असतं. सही करण्याआधी ते बघा.

गाडीचं डाउन पेमेंट हाही तोच प्रकार. रिफंडनं पहिले ३५,००० भरले जातात आणि पुढे तीन वर्षं पगारातून हप्ता, विमा, पेट्रोल. हप्ता पगारात बसत असेल तर खुशाल घ्या, फक्त रिफंड आला म्हणून घेऊ नका.

आणि प्लॉट. वर्धा रोड, उमरेड रोड, काटोल रोडकडे 'फक्त २५,००० भरून बुकिंग' अशा पाट्या दिसतात. टोकन देण्याआधी सातबारा, अकृषक परवानगीचा आदेश आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरण किंवा सुधार प्रन्यासनं मंजूर केलेला नकाशा, तिन्ही कागद मागा. ले-आउट ५०० चौरस मीटरहून मोठा आणि आठहून जास्त प्लॉटचा असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो. तो संकेतस्थळावर टाकून स्वतः तपासा. 'आरएल (प्लॉटचं मंजुरीपत्र) होऊन जाईल' म्हणजे आरएल झालेला नाही. कागद नंतर दाखवतो म्हणणाऱ्याला टोकनही नंतरच द्या.

आरोग्य विमा आणि शुद्ध टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा), हे दोनच वार्षिक हप्ते घ्यायला आमची हरकत नाही. पण पुढच्या वर्षीपासून त्यांचा बारावा भाग दर महिन्याला पगारातून बाजूला पडला पाहिजे.

गुंतवायचे ठरले तर

पाच-सात वर्षं ज्या पैशाकडे बघायची गरज नाही, तेवढाच पैसा गुंतवणुकीचा.

पीपीएफचा व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं; एप्रिल २०२० पासून तो ७.१ टक्क्यांवर आहे. वर्षाला किमान ५००, कमाल दीड लाख, मुदत १५ वर्षं, व्याज आणि मुदतीची रक्कम करमुक्त, नव्या रचनेतसुद्धा. व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या किमान शिल्लकीवर धरतात. म्हणून ४०,००० रुपये ४ तारखेला भरले तर त्या महिन्याचं व्याज मिळतं आणि ६ तारखेला भरले तर साधारण २३७ रुपये हुकतात. ऑनलाइन भरतानाही पैसे त्याच दिवशी जमा झाले का ते पासबुकात बघा. दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर सुकन्या समृद्धीचा दर याहून जास्त आहे, जानेवारी २०२४ पासून ८.२ टक्के. वर्षाला किमान २५० भरावेच लागतात. खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी मुदत पूर्ण होते आणि मधे पैसे सहज निघत नाहीत. हा दोष समजू नका, त्या पैशाचं रक्षणच त्यामुळे होतं.

इक्विटीसाठी, म्हणजे शेअर बाजारासाठी, साधा निफ्टी ५० चा इंडेक्स फंड (त्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा), डायरेक्ट प्लॅन, खर्चाचं प्रमाण कमी असलेला, एवढं नवख्याला पुरतं. रेग्युलर प्लॅनमध्ये वितरकाचं कमिशन दरवर्षी तुमच्या पैशातून जातं. रक्कम छोटी असल्यामुळे एकदम टाकावी की चार-सहा हप्त्यांत, यावर फार डोकं खपवू नका. पडझडीची भीती वाटत असेल तर हप्त्यांत टाका. पडझड कशी दिसते ते आधी समजून घ्या. जानेवारी २०२० च्या मध्यापासून २३ मार्चपर्यंत निफ्टी सुमारे ३८ टक्के खाली आला. तुमचे ४०,००० तेव्हा स्क्रीनवर २४,८०० दिसले असते. त्या दिवशी घाबरून विकलं असतं तर तोटा कायमचा झाला असता. तो आकडा बघून झोप उडेल असं वाटत असेल तर पीपीएफच बरा, त्यात कमीपणा काही नाही. वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के कर. वर्षानंतर विकल्यास एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के.

दसऱ्याला सोनं घ्यायचं असतंच. हौस म्हणून घ्या, पण दागिन्याला गुंतवणूक म्हणू नका. ३०,००० रुपयांचं सोनं असलेला दागिना, घडणावळ १२ टक्के म्हणजे ३,६००, एकूण ३३,६०० वर ३ टक्के जीएसटी १,००८. बिल ३४,६०८. दुसऱ्या दिवशी मोडायला गेलात तर फार तर सोन्याचे ३०,००० मिळतील. म्हणजे भाव १५ टक्क्यांहून जास्त चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. घडणावळीत घासाघीस होते, भावात नाही. म्हणून 'घडणावळ किती टक्के' हा प्रश्न आधी विचारा. दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, असतो. तो दुकानातच बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून दागिन्याचा प्रकार, कॅरेट जुळवा. बिलावर सोन्याचं वजन, दर आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. फक्त भावाच्या चढ-उतारासाठी सोनं हवं असेल तर गोल्ड ईटीएफ (शेअरसारखा घेता-विकता येणारा सोन्याचा फंड) स्वस्त पडतो.

छताची सोय असलेल्या घरमालकाला एक खर्च गुंतवणुकीसारखा फळतो: सौर पॅनल. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० आणि ३ किलोवॅट किंवा जास्तीला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. एका किलोवॅटचे दिवसाला साधारण चार युनिट निघतात. रिफंडनं पूर्ण खर्च भागणार नाही आणि अनुदान पॅनल बसून नेट मीटर लागल्यावरच येतं, तोवरचे पैसे हाताशी हवेत. महिन्याला शंभरच्या आत युनिट जळणाऱ्या घराला यात राम नाही. एप्रिल-मेमध्ये एसी-कूलरनं बिल चार-पाच हजारांवर नेणाऱ्या घराला आहे.

आणि खर्च?

खर्चाचा वाटा ठेवाच. सगळा रिफंड कर्जात आणि ठेवीत गेला की घरातली माणसं नाराज होतात आणि दोन महिन्यांनी तेवढाच पैसा कार्डावर उडतो. वाट्याचा आकडा पैसे खर्चण्याआधी घरात बोलून ठरवा. महाग कर्ज असेल तर साधारण दहा टक्के, नसेल तर वीस-पंचवीस.

मोठी वस्तू घेताना 'नो कॉस्ट ईएमआय'चा बोर्ड बाजूला ठेवून दुकानदाराला रोखीचा शेवटचा भाव विचारा. त्या योजनेत व्याज असतंच, सवलतीच्या रूपानं ते भरून दिलेलं दाखवतात. व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुम्ही भरता. रोखीवर मिळणारी सूट गमावता ती वेगळीच. कूलर-एसी घ्यायचा असेल तर मार्चच्या गर्दीऐवजी हिवाळ्यात चौकशी करा. एसीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तो बिलात उतरलाय का ते बघा.

एक मांडणी, आकड्यांसह

मानेवाड्याला भाड्यानं राहणारं जोडपं, नवऱ्याची नोकरी बुटीबोरीला, सहा वर्षांची मुलगी, महिन्याचा खर्च २८,०००, बचत खात्यात ४५,०००, कार्डावर ११,२०० थकीत. रिफंड वरच्यासारखाच, ३७,९०४. आधी कार्ड शून्य: उरले २६,७०४. डिसेंबरच्या फीचे ९,००० दुसऱ्या बचत खात्यात: उरले १७,७०४. राखीव निधीसाठी १०,००० ची एक एफडी: ७,७०४. दिवाळीला ५,०००, मनमोकळे, हिशेब न विचारता. राहिलेल्यातले २,७०० सुकन्या खात्यात, कारण तिथे ५० च्या पटीतच भरता येतात. चार रुपये खात्यात.

त्यांच्या कार्डावर काहीच थकलं नसतं तर ते ११,२०० राखीव निधीत गेले असते, इंडेक्स फंडात नाही. ४५,००० म्हणजे दीड महिन्याचा खर्च आहे. सहा महिन्यांचा निधी पूर्ण झालेल्या घरात मात्र फी आणि दिवाळीचे पैसे काढून उरलेली पूर्ण रक्कम पीपीएफ किंवा इक्विटीला मोकळी असते.

दरवर्षीच मोठा रिफंड येत असेल तर एप्रिलमध्ये दोन कामं करा. कंपनीला जुनी की नवी कररचना हवी ते लेखी कळवा, आणि जुनी असेल तर भाडं, विमा, गृहकर्जाचे आकडे तेव्हाच द्या. फेब्रुवारीत पावत्या शोधत बसलात तर तोवर टीडीएस कापून झालेला असतो. घरातल्या ज्या ज्येष्ठांचा कर शून्य आहे, त्यांचं 'कर कापू नका' हे स्वघोषणापत्र बँकेच्या प्रत्येक शाखेत, जिथे जिथे एफडी आहे तिथे, व्याज जमा व्हायच्या आधी द्या आणि पोच घ्या. मग तोच पैसा दर महिन्याला हातात येतो आणि एसआयपी किंवा आवर्ती ठेवीला त्याच महिन्यात लावता येतो.